धोवनाच्या बादलीत कुलंट

कुलंट दिसतं कसं ते आधी सांगतो, कारण सगळी बोंब तिथूनच सुरू झाली. मिलिंग मशीनवर लोखंड कापताना कटर तापतं. ते तापू नये म्हणून त्याच्यावर सतत धार सोडावी लागते, तेल मिसळलेल्या पाण्याची. ते तेल पाण्यात पडलं की सगळं पांढरंफेक होतं, थेट तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. दुधाची उपमा कारखान्यातले लोक देतात. आमच्याकडे दूध कमी आणि तांदूळ जास्त.

मी कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. निवृत्त झालो आणि पोंभुर्ण्याच्या घरी, मागच्या पत्र्याच्या सपरीत, एक लहानसं जुनं मिलिंग मशीन आणून बसवलं. भात गिरण्यांचे सुटे भाग बनवतो. चामोर्शीपासून आरमोरीपर्यंतचे गिरणीवाले येतात. हंगामात गिरणी बंद पडली की ते माझ्या डोक्यावर बसतात आणि मी बायकोच्या. स्वभाव माझा पहिल्यापासून तापट. खाणीत पोरं माझ्या पाठीमागे म्हणायची, "मिस्त्रीवर कुलंट सोडा बे!" मला ते ऐकू यायचं आणि मी आणखी भडकायचो.

मोठ्या मशीनला कुलंटची सगळी सोय असते. माझ्याकडे खाली एक टाकी, टाकीत कूलरचा पंप आणि वर नेलेली नळी. धार कटरवर पडते, कापलेल्या लोखंडाचा कीस घेऊन खाली येते, परत टाकीत. आता मिलिंगचा कीस काही लेथसारखा लांब कुरळा निघत नाही. बारीक निघतो, कापलेल्या नखाएवढा, आणि टोकदार. तो पंपात गेला की पंप घर्रर्र करतो आणि बसतो. मग मी पंपाला शिव्या देतो.

शेवटी मी गाळणीची युक्ती काढली. कुलंट आधी एका बादलीत निवांत ठेवायचं, म्हणजे जड कीस तळाला बसतो. मग वरचं वरचं बायकोच्या जुन्या सुती पातळाच्या तुकड्यातून गाळायचं. त्यातूनही जो भुसा सुटतो त्याच्यासाठी टाकीत लोहचुंबकाची एक कांडी दोरीनं सोडलेली. बोटाएवढी, गोल, गुळगुळीत. पंप महिनोन्महिने चालू लागला. मी आमच्या घरांच्या ओळीतल्या प्रत्येकाला सपरीत बोलावून ते दाखवलं. बायको म्हणाली, "एवढं निवडून तर मी तांदूळबी शिजवत नाई."

तांदळावरून आठवलं, आमच्या ओळीची पद्धत सांगायला हवी. शेजारच्या घरात एक म्हातारी बाई राहते. एकटीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि घर चालतं एका गाईच्या दुधावर. ओळीतल्या प्रत्येक अंगणात तिनं रंगाची एकेक रिकामी बादली ठेवलेली आहे. तांदळाचं धोवन, भाताची पेज, उरलंसुरलं सगळं त्या बादलीत पडतं. दुपारी ती येते, बादली उचलते, गाईला पाजते, धुऊन जागेवर आणून ठेवते. विचारणं नाही, हाका मारणं नाही. बादलीत आहे ते गाईचं. ही पद्धत मी नोकरीवर लागायच्या आधीपासूनची.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. गाय गाभण होती, दिवस भरत आले होते. बाई तिच्याकडे लेकीच्या बाळंतपणासारखं लक्ष देत होती. माझी बायको आरमोरीला बहिणीकडे गेली होती. आणि माझ्या मशीनवर एका गिरणीचं चाक चढलेलं होतं, ते संध्याकाळपर्यंत द्यायचंच होतं.

नेमकी माझी निवळायची बादली तडकली. कुलंट तर टाकीच्या काठापर्यंत आलेलं, नुसता कीसच कीस. मी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीजवळ बाईची बादली होती, रिकामी, स्वच्छ. म्हटलं, रंगाचीच तर बादली आहे, संध्याकाळी धुऊन ठेवू. त्यात कुलंट ओतलं. आता हे निवळायला ठेवायचं कुठे? सपाट जागा हवी, सावली हवी, कोणाचा पाय लागायला नको. अशी जागा अंगणात एकच होती, भिंतीजवळची. म्हणजे जिथून बादली उचलली तिथेच भरून परत नेऊन ठेवली. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं! मग जेवलो आणि जरा आडवा झालो.

उठून पाहतो तर बादली रिकामी. धुतलेली, पालथी घातलेली. माझं डोकं फिरलं. अंगणाच्या मधोमध उभा राहून बोंबललो, "कुलंट कुठे गेलं माझं? कोणी सांडवलं?" कोणी ओ देईना तसा भिंतीपलीकडे वळलो. "बाई, तुम्ही उचललं काय? दुसऱ्याच्या अंगणात हात घालताना विचारायची रीत नाही काय? ही चोरीच झाली मग!"

चोरी हा शब्द मी वापरला. ओळीतले लोक बाहेर आले होते, सगळ्यांनी तो ऐकला.

बाई गोठ्यातून आली. कोपरापर्यंत हात कोंड्यानं माखलेले. "भाऊ, मी त धोवन समजून नेलं. कोंडा कालवला न गाईले देल्लं. वहिनी घरी नाई, तरी भावानं याद ठेवली म्हणून मले बरं वाटलं होतं."

यावर माणसानं काय बोलावं? मी काय बोललो ते सांगतो. मी बोललो, "मग आता माझं काम कसं होईल?"

तिनं हातांवरचा कोंडा पदराला पुसला. मग हळूच म्हणाली, "त्यात का होतं, भाऊ?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "तेल होतं," मी म्हणालो. "आणि लोखंडाचा कीस."

ती वळली ती पळतच सुटली. मी भिंत ओलांडून मागे गेलो. गाईनं घमेलं चाटूनपुसून साफ केलं होतं. तळाला थोडा कोंडा चिकटला होता, त्यात चार दोन ठिकाणी लोखंड चमकत होतं. गाय शांत उभी होती. बाईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, जबड्यात बोटं घातली, जसं काही आत गेलेलं परत काढता येणार होतं. "माय वो, का केलं मी हे," ती म्हणत होती. मी नाही, ती म्हणत होती.

मी गाडी काढून जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आलो. तोवर गाईचं पोट तट्ट फुगलं होतं आणि रवंथ बंद पडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, पोटात काय गेलं? आणि मी, सवयीनं, सुरू झालो. तेल कोणतं, पाण्यात किती मिसळतो, आधी निवळू देतो, मग कापडातून गाळतो, मग चुंबक.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "हे गाळलेलं होतं की बिनगाळलेलं?"

"गाळायचंच होतं," मी म्हणालो.

मागे कोणीतरी फस्सकन हसलं. माझी गाळणी सगळ्यांनी पाहिलेली होती ना. जमीन दुभंगावी आणि मी आत जावं असं वाटलं, पण जमीन कुठली दुभंगते.

डॉक्टर म्हणाले, तेलाचं औषधानं निभेल, भीती किसाची आहे. टोचत टोचत पुढे काळजाकडे सरकला तर गाय जाईल, आणि वासरूही. जनावराच्या पोटात लोहचुंबक सोडतात, लोखंड त्याला चिकटून जागच्या जागी राहतं. पण तसं चुंबक त्यांच्याजवळ त्या वेळी नव्हतं. मी धावत सपरीत गेलो आणि टाकीतली कांडी सोडवून आणली. डॉक्टरांनी ती फिरवून पाहिली, कुठे धार नाही ना, गरम पाण्यानं खळखळून धुतली आणि नळीनं गाईच्या घशात सोडली. बाईनं शिंगं धरली होती. मी काहीच धरलं नव्हतं.

हात धुता धुता डॉक्टर सहज बोलले, "पण असलं पाणी बादलीत भरून बाहेर ठेवलं कोणी? बादली कोणाची होती?"

सांगायला एवढंसं वाक्य होतं. बादली यांची, भरली मी. मी घसा खाकरला. तेवढ्यात बाईच म्हणाली, "माही चूक झाली, साहेब. मी न विचारता उचलली. भाऊ बोलले ते बराबर हाय." आणि मी गप्प बसलो. सगळी ओळ उभी होती आणि मी, साठी उलटलेला माणूस, माना डोलावणाऱ्या लोकांत मान खाली घालून उभा राहिलो. लाज वाटत होती म्हणून बोललो नाही, आणि बोललो नाही याची लाज आजही वाटते.

बायको दुसऱ्या दिवशी आली. ओळीतल्या बायांनी तिला वाटेतच गाठलं होतं; अंगणात पाय ठेवला, पालथी बादली पाहिली, आणि मला काही सांगायची गरजच पडली नाही. "ही तर तिचीच बादली. अन् तुम्ही तिले चोर म्हटलं?" तिनं ते ओळीभर ऐकू जाईल असं विचारलं. मग आत जाऊन दार लावून घेतलं. "कोणत्या तोंडानं जाऊ मी तिच्या दारी?" आतून आवाज आला.

मी गेलो. बाई गाईजवळ बसली होती, तिच्या जबड्याकडे पाहत. रवंथ अजून सुरू झालं नव्हतं. मी म्हणालो, "बाई, चूक माझी आहे. बादली तुमची होती, मला दिसत होतं."

"जाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "खाऊ लागली पाहिजे फक्त." मान तिनं वळवली नाही.

पुढच्या दिवशी उन्हं चढल्यावर गाईनं जबडा हलवला. बाईनं हाक मारून ओळीला सांगितलं. काही दिवसांनी कालवड झाली, धडधाकट. चुंबक गाईच्या पोटातच आहे, तिथेच राहील म्हणतात.

त्यानंतर आमच्या भिंतीजवळची बादली बाईनं नेली. भांडण नाही, टोमणा नाही, नुसती नेली. बाकीच्या अंगणांतल्या तशाच होत्या. माझी बायको सकाळी तांदूळ धुवायची आणि ते पाणी मोरीत ओतायची, आणि ओतताना माझ्याकडे बघायची नाही. शेवटी तिच्यानं राहवलं नाही. ती शेजारी गेली, रडली, आणि बाईनं बादली परत आणून ठेवली. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

आता बाई दुपारी येते. बाकीच्या घरांचं धोवन ती तसंच नेऊन घमेल्यात ओतते. आमच्या बादलीजवळ मात्र खाली बसते, तळापर्यंत हात घालून ढवळते, ओंजळभर घेते आणि स्वतः पिते. मग दातांवरून जीभ फिरवत थोडा वेळ थांबते. काही टोचलं नाही, तर बादली उचलते.