आईसाहेबांना नमस्कार

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी सांगत नाही. ज्यांच्या हाताखाली मी सरकारी कचेरीत जन्मभर कारकुनी केली, ते साहेब लोक सांगून गेले. मसुदा माझ्या टेबलावर आला की सुधारूनच पुढं जायचा, मग तो साहेबांनी स्वतः लिहिलेला का असेना. या खोडीचं कौतुक फार झालं. कुणीतरी वेळेवर कान उपटायला हवे होते.

दादा म्हणजे माझे वडील. देवगाव रंगारीचे शेतकरी आणि पक्षाचे तालुक्यातले जुने माणूस. त्यांनी मान हलवली की आसपासची गावं मत टाकायची. आणि अध्यक्ष म्हणजे त्यांचे बोर्डिंगातले मित्र, एका ताटात जेवलेले. ते पुढं पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले. पद जाऊन जमाना झाला, पण आमच्या घरात त्यांना दुसरं नाव नाही.

इथून गर्दी, मतं आणि खरी खबर दादांनी पाठवायची, तिकडून कामं अध्यक्षांनी करायची, असा दोघांचा चाळीस वर्षांचा व्यवहार होता. पण नुसता व्यवहार असता तर पत्रं एवढी गोड नसती. टाइप केलेल्या मजकुराखाली अध्यक्ष स्वतःच्या हातानं लिहायचे, "कापूस कसा आहे? माझ्या सभेत मागं बसून झोपला होतास, मी पाहिलं." दादा उलट टपाली कळवायचे, "भाषण मागचंच होतं, म्हणून झोपलो." दादांना तिकीट मात्र कधी मिळालं नाही. आईनं एकदा टोचून विचारलं तर म्हणाले, "मला आमदार केलं तर त्याला खरं कोण सांगंल?" आई म्हणाली, "सांगा, सांगा. उपाशीपोटी खरंच सांगत बसा." मला वाटतं, तिचंही चुकत नव्हतं.

शिफारशीच्या पत्राची दादांची रीत ठरलेली होती. ते पोस्टात टाकायचं नाही. ज्याचं काम त्याच्याच हातात द्यायचं आणि पाकीट उघडं ठेवायचं. चिकटवलं म्हणजे त्या माणसावर भरवसा नाही, असा अर्थ. दारात आलेल्या कुणालाही दादांनी पत्राशिवाय परत पाठवल्याचं मला आठवत नाही. चोराचिलटालाही मिळायचं. मला त्याचा राग यायचा. वाटायचं, हा माणूस आपल्या मित्राला फुकट राबवतो आहे.

आई गेल्यावर दादा माझ्याकडं शहरात, उस्मानपुऱ्यात राहायला आले. पुढं त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत होता. मग पत्रं मी लिहायला लागले. ते सांगायचे, मी लिहायची आणि लिहिता लिहिता सुधारायची. शेवटी कधी ते म्हणायचे, "कळावे, लोभ असावा." कधी म्हणायचे, "आईसाहेबांना नमस्कार सांगावा." आईसाहेब म्हणजे अध्यक्षांच्या आई. बोर्डिंगात असताना सुट्टीत त्यांच्या हातचं दादा जेवलेले. एकदा हे आणि एकदा ते, म्हातारपणाची लहर असेल म्हणून मी कधी विचारलं नाही.

आता सांगते ती गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. आमच्या भावकीतली एक सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. मी तिला वहिनी म्हणते. तिची शाळा सोयगावकडं, डोंगराच्या पायथ्याशी. नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून दोनदा शहरात डायलिसिस. तो इथं बहिणीकडं पडून आणि ही तिकडं, मधे चार तासांची एसटी. करमाडच्या शाळेत एक जागा रिकामी होती. तिथं बदली झाली तर रोज संध्याकाळी नवऱ्याजवळ येता येणार होतं. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

ती दादांसमोर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. दादा म्हणाले, "सूनबाई, हे झालंच म्हणून समज. लिही गं."

मी लिहिलं, आणि खरं सांगते, तसं पत्र मी पुन्हा कधी लिहिलं नाही. दादा तुटक बोलत होते, मी वाक्यं जुळवत होते. आजार, अंतर, सेवा, सगळं जागच्या जागी. मग दादा म्हणाले, "आईसाहेबांना नमस्कार सांगावा."

माझा हात थांबला. आईसाहेब वारून महिना झाला नव्हता. मीच दादांना गाडीनं मातीला नेलं होतं. तिथं अध्यक्षांच्या खांद्यावर डोकं ठेवून ते रडले होते. दुखवट्याच्या घरी मेलेल्या बाईला नमस्कार पाठवायचा? मी ठरवून टाकलं, म्हातारा विसरला. आठवण करून दिली तर सुनेसमोर ओशाळा होईल. म्हणून मी "कळावे, लोभ असावा" लिहिलं आणि त्यांचा हात धरून सहीच्या जागेवर नेला. त्यांना दिसत नव्हतं. मला वाटलं, मी त्यांची लाज राखली.

वहिनी मुंबईला जाऊन पत्र देऊन आली. पंधरा दिवसांनी अध्यक्षांचं उत्तर आलं, टाइप केलेलं: योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवले आहे. खाली हातानं लिहिलेलं काही नव्हतं. दादांनी मला दोनदा विचारलं, "खाली काय लिवलंय?" मी दोनदा सांगितलं, काही नाही.

बदली झाली नाही. मी म्हटलं, फोन करा की. दादा म्हणाले, "एकदा मागितलेलं दुसऱ्यांदा मागत नसतेत." पुढच्या हिवाळ्यात वहिनीचा नवरा गेला. ती निरोप मिळताच निघाली होती. तो गेला तेव्हा ती एसटीत होती. दादा त्यानंतर देवगावला जायचे बंद झाले, कारण गावात शिरताना पहिलं घर तिचं. वर्षभरात पक्ष फुटला आणि दादा अध्यक्षांच्या विरुद्धच्या गटात जाऊन बसले. पेपरात विचारसरणीबद्दल बरंच छापून आलं. मीही ते खरं धरलं. पत्रं थांबली ती थांबलीच.

यंदा उन्हाळ्यात पुण्याहून एक खोकं आलं. अध्यक्ष मुलाकडं राहतात, घर आवरायला काढलेलं. त्यांच्या सुनेनं चिठ्ठी जोडली होती: पप्पा म्हणाले, ज्यांची पत्रं त्यांना परत करा. आत दादांच्या पत्रांचे दोन गठ्ठे. एकावर अध्यक्षांच्या अक्षरात लिहिलेलं, "मनातली." दुसऱ्यावर, "वरवरची."

दादा आता शहाऐंशीचे. दिसत जवळजवळ नाही, कान मात्र शाबूत. मी गठ्ठ्यांवरचं वाचून दाखवलं आणि ते खूप दिवसांनी खदखदून हसले. म्हणाले, "त्यानं ठिवलेत व्हय अजून! अगं, दारात आलेल्याला नाय म्हणता येत नाय. पत्र तर द्यावंच लागतं, अन् पाकीट उघडं, तो वाचणारच. मग त्याला कसं कळावं, कोणाचं काम खरं करायचं? म्हणून आमची खूण होती. आईसाहेबांना नमस्कार असला की समजायचं, मी सोता मागतोय. नसला की नुसतं ठेवून द्यायचं."

मी म्हटलं, "आणि आईसाहेब गेल्यावर?"

"ती गेली म्हणून खूण जाती का? उलट आणखी पक्की झाली." मग त्यांचा चेहरा उतरला. "पण सूनबाईच्या येळंला त्यानं ती पण मानली नाय. आई मेली अन् शब्द पण मेला. बघ बरं, ते पत्र कोणत्या गठ्ठ्यात हाय."

मी दुसरा गठ्ठा सोडला. ते अगदी वर होतं. माझं टपोरं, सरळ अक्षर. शेवटी नमस्काराचं वाक्य आहे असं खोटंच वाचून दाखवलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. माझा पिंड भित्र्याचा आहे, आयुष्यभर वरिष्ठांना सांभाळून राहिलेली बाई मी. पण मी ते वाक्य वाचलं असतं तर त्या पुण्यातल्या म्हाताऱ्याच्या माथी दगा कायमचा बसला असता. मी म्हणाले, "दादा, ते मी लिहिलंच नव्हतं."

त्यांनी पत्रासाठी हात पुढं केला. मग त्यांनी विचारलं, "मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. बराच वेळ ते पत्रावरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "फोन लाव त्याला."

दोघं अर्धा तास बोलले. गुडघे, कानाचं यंत्र, यंदाचं आल्याचं पीक, कोण कोण मेलं. बदलीचा विषय दादांनी दोन वाक्यांत काढला, तिकडून काय आलं मला ऐकू आलं नाही. पण दादा म्हणाले, "तू तरी काय करशील, तुझ्या हातात तेच पडलं." फोन ठेवल्यावर डोळे पुसून ते माझ्याकडं वळले. "आमचं झालं. आम्ही दोघं म्हातारे, आमचं काय जातंय. सूनबाईला कोण सांगणार? मी मेल्यावर नाय. आता जा."

मी लगेच गेले नाही. आठ दिवस काढले. दादा रोज सकाळी एकच विचारायचे, "गेलीस का?"

वहिनी निवृत्त होऊन करमाडलाच राहते. ज्या गावी बदली हवी होती तिथं मुलानं घर बांधलं आहे. शेंद्र्याच्या कारखान्यात आहे तो. तिनं मला पाट दिला, पाणी दिलं. मी कचेरीतल्या खुलाशासारखं सगळं क्रमवार सांगितलं. खूण काय होती, मी काय गाळलं, का गाळलं. तिला राग येईल, ती उठून आत जाईल, अशी सगळी तयारी मी करून आले होते.

ती म्हणाली, "ताई, ते पत्र मी गाडीत वाचलं होतं. लई चांगलं लिवलं होतं तुम्ही. वाचून वाटलं, आता काम झालंच."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"मग झालं नाय," ती म्हणाली. "पत्र एवढं चांगलं, शब्द दादांचा, माणूस त्यांच्या जिवाभावाचा. मग चुकलं कुठं? मी मुंबईत अध्यक्षसाहेबांच्या खोलीत रडले नाय. ह्यांनी सांगून पाठवलं होतं, रडायचं नाय, आपण भीक मागत नाय. म्हणून मी ताठ उभी राहिले. पंधरा वर्षं मी रोज म्हणत आले ताई, रडले असते तर झालं असतं. ह्यांचं ऐकलं, तिथंच चुकलं. फोटोपुढं दिवा लावताना पण ह्यांना उगाच तेच बोलत आले मी."

एवढं बोलून ती रडायला लागली.