द्रौपदीच्या चुलीचा चढ

आबामामा गेले, हे मला हिंगोलीच्या स्टेशनावर एका गाडीवानानं सांगितलं. गावाकडचा निरोप मागाहून आला. त्याला आता महिना होत आला, तरी आगगाडी थांबली की माझे डोळे त्यांची दमणी, ती छपराची बैलगाडी, शोधतात.

मामा आईचे धाकटे भाऊ. स्टेशनावर उतरलेले यात्रेकरू औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला नेणं हा त्यांचा धंदा. भीमानं कुठल्या टेकडीला पाठ टेकली, अर्जुनानं कुठल्या ओढ्यात बाण धुतले, हे ते शेजारच्या घरातल्या गोष्टीसारखं सांगत. औंढ्याच्या अलीकडच्या चढाला तीन काळे धोंडे आहेत. तिथं कासरा ओढून ते हात जोडायचे. "द्रौपदीची चूल हाय. हितून बसून जाऊ न्हाई." शेठ असो की वकील, मुकाट उतरायचा. धापा टाकत चढताना सहज मागं वळायचा, तर खाली फुललेले पळस, करडईची पिवळी शेतं, पलीकडं डोंगरांच्या रांगा... मग पाय तिथंच थबकायचे. दरसाल येणारे लोकसुद्धा म्हणायचे, की हा मुलूख आपण कधी पाहिलाच नव्हता.

मी पडलो शाळामास्तर. एकदा गाडीत आम्ही दोघंच असताना विचारलं, की मामा, ही चूल कुठल्या पोथीत आहे? त्यांनी डाव्या बैलाकडं बोट केलं. "पोथीत कुठली... ह्याच्या गुडघ्यात हाय. म्हातारा झाला. नुसतं उतरा म्हणलं तर लोकं म्हणतेत, मग गाडी काहून केली? देवाचं नाव घेतलं की गुमान उतरतेत."

आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

पुढं तो बैल गेला. धोंड्यांना मात्र शेंदूर लागला, नारळ फुटू लागले, बाकीचे गाडीवानही तिथं माणसं उतरवू लागले. मामांचं हसू गेलं. देवाच्या नावानं खोटं बोललो, वर गेल्यावर जाब द्यावा लागेल, हे त्यांच्या मनानं घेतलं. अन्न गोड लागेना. शेवटी एका शिवरात्रीला त्यांनी भरल्या गाडीपुढं खरं काय ते सांगून टाकलं. वाशीमकडच्या एका म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि तरी ती उतरली. "तुले काय मालूम बाप्पा, हे तुह्या तोंडून कोणं वदवलं ते?" असं म्हणून तिनं नारळ फोडला आणि पहिलं खोबरं मामांच्याच हातावर ठेवलं. खरं बोललेलं कोणी मानतच नाही, अशी तक्रार मामा माझ्याकडं कितीतरी दिवस करत होते. त्यांची ती तक्रार मला फार आवडायची.

मधल्या गडबडीच्या काळात यात्रेकरू येईनासे झाले आणि मामांनी अंथरूण धरलं. यंदा निजामी गेली, रस्ते मोकळे झाले, तसा त्यांनी नागनाथाचा ध्यास घेतला. त्यांच्या लेकानं गाडी जुंपली, मीही सोबत गेलो. शेतांत कापूस फुटला होता. चढ आला तसे मामा दांडीला धरून खाली उतरू लागले. अंगात उभं राहण्याचं त्राण नव्हतं. लेक म्हणाला, "आबा, बसून ऱ्हावा. बैल तरणे हायत, सहज वढतेत."

मामांनी माझ्या खांद्यावर हात टाकला.

"बैलासाठी न्हाई उतरून राहिलो," ते म्हणाले, आणि चालू लागले.