कनवटीची सुपारी

लग्नाची पत्रिका द्यायला कोणी आलं की अनंतराव राऊळ आधी चष्मा लावून पाकिटावरचं नाव वाचत. नुसतं ‘श्री. अनंत राऊळ’ असलं तर पाकीट न उघडताच परत करत आणि खिशातलं पेन काढून समोरच्याच्या हातात देत. "नाव अर्धं राहिलंय. शेजारी जनार्दन पाटील लिहा, मग आम्ही येतो." लोक ओशाळत, काही जण चिडत, एकदोघे तर पत्रिका घेऊन तसेच जिना उतरले. अनंतरावांना त्याचं काही वाटत नसे. दार लावून घेत आणि आतून त्यांच्या हसण्याचा आवाज येई.

माझी त्यांच्याशी पहिली गाठ अशीच पडली. नव्वदच्या आसपासची गोष्ट. गिरगावातली एक खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला दोन खोल्यांत आलो होतो आणि स्वतःला बंगल्यात राहायला आल्यासारखे समजत होतो. धाकट्या नणंदेच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी अकरा नंबरची बेल वाजवली. पेन हातात आल्यावर मी म्हटलं, "‘सहकुटुंब’ लिहिते ना, म्हणजे झालं." ते म्हणाले, "वहिनी, सहकुटुंब वाचून तुम्ही माझ्या मागे बायको शोधत बसाल. नावच लिहा." मी लिहिलं. मला त्या माणसाचा राग आला होता आणि गंमतही वाटली होती. पुढे जितकी वर्षं शेजार होता, तितकी वर्षं हे दोन्ही एकत्रच वाटत राहिलं.

अनंतराव गोरेगावच्या एका औषध कंपनीत डिस्पॅचला होते. बुटके, गोरे, टक्कल पडलेले, आवाज मात्र देवळातल्या घंटेसारखा. जनार्दन त्यांच्याहून उंच आणि सावळा, कपड्यांच्या कारखान्यात कटर. तो इथलाच, खारी गावचा. आमच्या इमारतीखालची जमीन एके काळी त्याच्या वडिलांची भातशेती होती, हे मला फार उशिरा कळलं, कारण जनार्दन स्वतःबद्दल काही बोलतच नसे. काहीही झालं तरी त्याचं उत्तर एकच, "जाऊ दे." अनंतरावांनी मात्र आयुष्यात काहीही जाऊ दिलं नाही. ‘समलिंगी’ हा शब्द तेव्हा लोक दार लावूनसुद्धा उच्चारत नसत. अनंतराव जिन्यात उभं राहून, "आम्ही शाकाहारी आहोत" म्हणावं इतक्या सहजपणे तो म्हणत, आणि वर "पीठ चांगलं दळतो का हो तो नवीन चक्कीवाला?" असं विचारून पुढे जात.

रविवारी दुपारी त्यांच्याकडे माणसं जमत. विरार, नालासोपारा, बोरिवली, कुठून कुठून येत. वसईच्या दोन नर्स होत्या, एकत्र राहणाऱ्या. एक शाळामास्तर होते, ते जिना चढताना दोनदा मागे वळून बघत. अनंतराव त्याला मंडळ वगैरे म्हणत नसत, म्हणायचे, "रविवारचा चहा." त्या चहात कोणाला घरातून काढलंय, कोणाचं जबरदस्तीने लग्न ठरतंय, कोणाला डॉक्टर हात लावत नाहीत, हे सगळं निघायचं. मग आठवडाभर अनंतराव ऑफिस सुटलं की त्याच कामाला. कोणाच्या आईवडिलांकडे जाऊन बसायचे. सोबत अर्धा किलो फरसाण न्यायचे. मी विचारलं, फरसाण कशाला? तर म्हणाले, "तोंडात घास असला की माणूस शिव्या जरा कमी देतो."

एकदा त्यांच्या रविवारच्यांपैकी एकाला हवालदाराने बागेत पकडलं आणि तीनशे सत्त्याहत्तर कलमाची भीती घालून चौकीत बसवून ठेवलं. अनंतराव गेले. मीही गेले, कारण जनार्दनने दारात येऊन "वैनी, जरा त्याच्यासंग जाल का, तो तोंड आवरायचा न्हाय" असं सांगितलं होतं. हवालदार म्हणाला, "काका, आप शरीफ आदमी हो. ये लोगों के चक्कर में क्यूँ पडते हो?" अनंतराव खुर्ची ओढून समोर बसले. "ये लोग नहीं साहब. हम लोग. मेरा भी नाम लिख लो, पता भी लिख लो, ऑफिस का नंबर भी देता हूँ." हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी शेजारीण आहे, पण लिहायचंच असेल तर माझंही लिहा." त्याने कोणाचंच लिहिलं नाही. परत येताना अनंतराव मला म्हणाले, "लपणाऱ्यालाच हे लोक धरतात, वहिनी. जो स्वतःहून समोर जाऊन बसतो, त्याचं काय करायचं हे त्यांना शिकवलेलंच नसतं."

आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी होते. मनाने वाईट नाहीत, पण नियम म्हटला की ह्यांना दुसरं काही दिसत नाही. सोसायटीचा सत्यनारायण दरवर्षी सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर. पूजेला बसायचा मान फ्लॅटच्या नंबराप्रमाणे. दहा नंबरचे बसले त्याच दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं की पुढच्या वर्षी अकरा. वर्षभर कोणी काही बोललं नाही. जानेवारी लागला तशा मीटिंगा सुरू झाल्या.

अकरा सोडून बारावर जावं, असं बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. पण नंबर चुकवायला आमचे हे तयार होईनात. शेवटी ह्यांनीच तोड काढली. सात नंबरचे कर्णिक विधुर, ते बसले तेव्हा गुरुजींनी बायकोच्या ऐवजी कनवटीला सुपारी खोचायला लावली होती. तशीच सुपारी लावून राऊळांनी एकट्याने बसावं. नियम पाळला जाईल आणि कोणाला काही बघावंही लागणार नाही. तळमजल्याचे शाहभाई म्हणाले, "बराबर छे. अनंतभाई भी खुश, अपन भी खुश." सगळ्यांनी माना डोलावल्या.

अनंतराव उभे राहिले. एरवीचा मोठा आवाज त्या दिवशी नव्हता. म्हणाले, "कर्णिकांच्या वहिनी वारल्या होत्या, म्हणून सुपारी. माझा माणूस वरच्या मजल्यावर तांदूळ निवडतोय. जिवंत माणसाची सुपारी मी कनवटीला लावणार नाही. बसलो तर दोघं बसू." आमचे हे म्हणाले, "मग बसू नका." अनंतराव म्हणाले, "नंबर आमचा आहे, दळवी. तुमच्याच नियमाने." त्या रात्री मी ह्यांना जेवताना एवढंच म्हटलं, की माणूस बरोबर बोलला. त्यावर आमच्याकडे दोन दिवस अबोला होता.

पण खरी अडचण कमिटी नव्हती. खरी अडचण जनार्दन होता. टँकर आला होता, आम्ही दोघं बादल्या घेऊन रांगेत उभे होतो, तेव्हा तो आपण होऊन बोलला. "वैनी, तुमी सांगा ना त्याला. सुपारी लावून बस म्हना. काय बिघडतंय? सगल्या लोकांसमोर मी पाटावर बसलो तर खारीला दुपारपर्यंत कळंल. आई मना दारात उभं करायची न्हाय." तो आठवड्यातून एकदा आईला भेटायला जाई. मित्राबरोबर राहतो, लग्न करत नाही, एवढंच तिला माहीत होतं, किंवा एवढंच माहीत असल्याचं ती दाखवत होती. तेवढी एक वाट त्याला बंद होऊ द्यायची नव्हती.

मी हे अनंतरावांना सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस नमतं घेणार. ते नमले नाहीत. दुसऱ्या दिवशी अर्धा किलो फरसाण घेऊन खारीला गेले, जनार्दनला न विचारता. म्हातारी अंगणात सुकट निवडत होती. त्यांनी तिला सांगितलं, "आई, सव्वीस तारखेला आमच्या दोघांच्या हातून पूजा आहे. मी आणि जनार्दन. तुम्ही यायला पाहिजे." ती सुकट निवडत राहिली. फरसाणाला तिने हात लावला नाही. घरी आल्यावर जनार्दनला कळलं, आणि ज्याने कधी कोणाला उलटून उत्तर दिलं नव्हतं त्या माणसाने अनंतरावांशी बोलणं टाकलं. माझं स्पष्ट मत होतं की अनंतराव चुकले. जनार्दनची आई ही जनार्दनची होती, तिच्याशी बोलायचं की नाही हे त्याने ठरवायचं. मी तसं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "चुकलो असेन, वहिनी. पण त्याच्याबद्दल तिला जिन्यातल्या लोकांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

सव्वीस जानेवारीला आवारात मांडव होता. आमच्या ह्यांनी चौरंगासमोर एकच पाट ठेवला होता. अनंतराव पीतांबर नेसून, हातात घरचा दुसरा पाट घेऊन जिना उतरले आणि तो त्यांनी आपल्या शेजारी मांडला. गुरुजी दहिसरचे. त्यांना त्या दिवशी अजून चार पूजा होत्या आणि ह्या भानगडीतलं काही माहीत नव्हतं. ह्यांनी सांगून ठेवल्याप्रमाणे त्यांनी सुपारी पुढे केली. अनंतरावांनी ती घेतली आणि ताम्हनात ठेवली. "ही गणपतीला होईल. माझ्या घरचे येतायत. थांबू आपण."

आम्ही सगळे थांबलो. जनार्दन केळीच्या खांबाशी उभा होता, नवा सदरा घालून. वसईच्या दोघी नर्स आणि शाळामास्तर मागच्या सतरंजीवर बसले होते. बाकी रविवारची मंडळी फाटकाबाहेरच उभी होती, आत येऊ की नको करत. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. अनंतरावांनी एकदाही मान वळवून जनार्दनला बोलावलं नाही. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते. इतकी वर्षं हा माणूस कशाला घाबरत असेल असं मला वाटायचं, ते त्या दिवशी कळलं. शेजारचा पाट रिकामा राहील, ह्याला तो घाबरत होता.

मग जनार्दन आला आणि बसला. मान खाली. मांडवात कुजबुज सुरू झाली, दोघीतिघी उठून गेल्या. आमचे हे पुढे होऊन म्हणाले, "जनार्दन, उठा. मीटिंगमध्ये ठरलंय." आणि जनार्दन उठायला लागला. सवयच ती, कोणी ऊठ म्हटलं की उठायची.

"उठू नको र."

फाटकात त्याची आई उभी होती. नऊवारी लुगडं, हातात नारळ. ती चालत मांडवात आली आणि आमच्या ह्यांच्यासमोर उभी राहिली. "ह्या जागंवर ह्याचा बाप भात लावीत होता. इथनं माझ्या पोराला कोन उठवतं ते बघायला आलेय मी." आमच्या ह्यांना बायकांशी भांडता येत नाही, हे मी लग्नापासून जाणते. ते बाजूला झाले. म्हातारीने नारळ चौरंगाजवळ ठेवला. अनंतरावांकडे तिने पाहिलंही नाही. ती मुलाच्या मागे जमिनीवर बसली.

गुरुजींना दहिसरला पोचायचं होतं. पाटावर दोघं बसलेत एवढं त्यांनी पाहिलं आणि रोजच्या सवयीने म्हणाले, "चला, हाताला हात लावा." जनार्दनने अनंतरावांच्या कोपराला हात लावला. पुढची सगळी पूजा त्याने तो काढला नाही. मी तिथेच रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

त्या दिवशी निम्म्या इमारतीने प्रसाद घेतला नाही. शिऱ्याचं मोठं पातेलं उरलं, ते रविवारच्या मंडळींनी संपवलं. आठवड्याने अकरा नंबरच्या नळाचा व्हॉल्व कोणीतरी बंद केला. मी पाणी देऊ केलं, तर अनंतराव म्हणाले, "तुमचं नको, वहिनी. माझं मला पाहिजे," आणि टाकीवर बादली उपडी घालून बसून राहिले, ऑफिसला दांडी मारून. अकराला पाणी येईपर्यंत आमच्याकडे चूल पेटणार नाही, असं मी ह्यांना सांगितलं. संध्याकाळी पाणी आलं. पुढच्या वर्षापासून खर्च वाढल्याचं कारण देऊन सोसायटीने पूजाच बंद केली. अनंतराव म्हणाले, "बघा, आमच्यानंतर बसायची कोणाची हिंमतच झाली नाही." आणि त्यांनी ती आपल्या घरी सुरू केली, दार सताड उघडं टाकून. पहिल्या वर्षी पाटावर वसईच्या दोघी नर्स बसल्या.

पुढे काही वर्षांनी, पावसाळ्यानंतरच्या एका सकाळी अनंतराव गेले. छातीत कळ आली, रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. आमच्या ह्यांनी खांदा दिला. मी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी अनंतरावांचे थोरले भाऊ गावाहून आले, खुर्चीत बसले आणि जनार्दनला म्हणाले, "झालं ते झालं. त्याचं ते रविवारचं खूळ त्याच्याबरोबर गेलं. आता तू तुझ्या आईकडे जाऊन नीट राहा." मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. जनार्दन काय म्हणणार हे मला पाठ होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

तो ‘जाऊ दे’ म्हणाला नाही. कप घेतला, भावांच्या हातात दिला, त्यांचं पिऊन झालं तसा विसळून ठेवला, आणि त्यांना रिक्षापर्यंत सोडून आला.

रविवारी दुपारी अकरा नंबरच्या दाराबाहेर चपलाच चपला होत्या. आत सगळे भिंतीला टेकून बसलेले, नवीन आलेली दोनतीन माणसं रडवेल्या तोंडाने एकमेकांकडे बघत होती. रविवारच्या चहाला जनार्दन इतक्या वर्षांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर कधी आला नव्हता. त्या दिवशी तो बाहेर आला, खोलीच्या मध्यभागी उभा राहिला, आणि आपल्या खारीच्या बोलीत, कोणालाही न लाजता म्हणाला,

"अनंत गेला. मी हाय. सांगा, कोनाच्या घरी जायचं हाय?"