शिवलीलाचे स्वतःचे शब्द

पुण्याहून सकाळची कळंबची एसटी धरली तेव्हा मांडीवर प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता. वेगवेगळ्या भागांतली नववीची मुलं अभ्यास कशी करतात, समजून की घोकून, हे मोजायचं हा माझ्या पीएचडीचा विषय. तीन दिवस, तीन गावं. गाडीत जागा चांगली मिळाली, तरी मला स्वस्थ बसवेना. प्रबंध द्यायची मुदत डोक्यावर होती.

कळंबला वीस मिनिटांत वर्ग आटोपला. दुसऱ्या दिवशी धाराशिवला गाडी बदलून लोहारा. तुम्ही जाणार असाल तर सकाळी स्टँडवर सुशीला खाऊन घ्या. चुरमुऱ्यांची असते, पोटाला हलकी. लोहाऱ्याचा वर्गही तसाच उरकला. तिसऱ्या दिवशी तिथून मुरुमला शेअर जीप, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. मी दर पाच मिनिटांनी खाली उतरत होते. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "बसा की ताई. मुरुम कुठं पळून चाललंय?"

मुरुमच्या शाळेत तिसऱ्या बाकावरची शिवलीला अकराव्या प्रश्नावर अडली. 'धडा मी स्वतःच्या शब्दांत मांडते.'

"मॅडम, स्वतःचे शब्द म्हंजी कंचे? घरी आमी कन्नड बोलतो."

"मग अभ्यास कसा करतेस?"

"आधी मराठीत पाठ करते. मग आईला कन्नडमधी सांगते. तिला कळलं म्हंजी मला आलं."

तिनं 'पाठ करते' पुढं 'नेहमी' आणि 'स्वतःच्या शब्दांत' पुढं 'कधीच नाही' अशी खूण केली होती. माझ्या तक्त्याप्रमाणे ही मुलगी 'उथळ', म्हणजे नुसती घोकणारी, ठरत होती.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई शेंगा फोडत होती. शिवलीला खाऱ्या वाऱ्यांचा धडा सांगत होती आणि आई दर दोन वाक्यांनी "याक?" म्हणजे "का?" असं विचारत होती. जमीन पाण्याआधी का तापते, इथं पोरगी अडली. पुस्तक उघडून पुन्हा वाचायला लागली. मला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली, ती मी उभ्या उभ्याच खाल्ली.

मार्गदर्शक मॅडमना फोन करून शिवलीलाचं सांगितलं. "तो एक कागद बाजूला काढ आणि परत ये," त्या म्हणाल्या.

मी एक दिवस जास्त राहिले. वर्गात विचारलं, असं घरी दुसऱ्या भाषेत कोण कोण सांगतं? निम्म्याहून जास्त हात वर आले. कळंब-लोहाऱ्याला मी कुणाला काही विचारलंच नव्हतं, खुणा तेवढ्या गोळा केल्या होत्या. त्या दुपारी शाळेच्या व्हरांड्यात नुसत्या येरझाऱ्या घातल्या.

पुण्यात परतल्यावर मॅडमना सांगितलं, प्रश्नावली नव्यानं करावी लागेल.

"तुझं वर्ष जाईल."

"जाऊ दे," म्हटलं.

हे बोलल्याची भीती घरी येईपर्यंत वाटत राहिली. अजूनही वाटते. पण आईला कळेपर्यंत धडा न सोडणाऱ्या मुलीच्या नावापुढं 'उथळ' असं माझ्या हातानं लिहिलं गेलं नाही.