अप्पांनी खोडलेली जोडरेघ

"हे तोडा," अप्पा म्हणायचे आणि दोन शब्दांच्या मधे लाल पेनाने उभी रेघ मारायचे. मान वर न करता. असे प्रूफ तपासणारे तुम्हीही पाहिले असतील: नाकावर घसरलेला चष्मा, खिशावर लाल शाईचा डाग. आमचे अप्पा लातूरच्या एका छापखान्यात बसायचे. लग्नपत्रिका, क्लासच्या जाहिराती, आमच्या विज्ञानप्रसाराच्या चळवळीची पत्रकं, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग. मला आधी ते पट्टेच दिसले, हे कबूल करते.

नायगावच्या एका शाळेने आम्हाला भाषणांसाठी दोन दिवस दिले होते. पहिला दिवस पालकांचा, दुसरा दहावीच्या मुलांचा. त्या मुलांना उत्क्रांती नीट समजावी, एवढ्यासाठी मी तीन महिने चकरा मारल्या होत्या. पत्रकाचा मथळा माझाच: 'जीवोत्पत्ती-उत्क्रांती: सिद्ध झालेलं सत्य'.

अप्पांनी मधली जोडरेघ खोडली.

"हे दोन हायेत, माय. एक न्हाई."

"तुम्ही शुद्धलेखन बघा. विज्ञान मी बघते."

"जीव बदलत कसा गेला, त्याला पुरावा हाय. पण पहिला जीव झाला कसा, ते कुणी सिद्ध केलं? सांग की, छापतो."

"म्हणजे तिथे तुमचा महादेव बसवायचा का?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "इभूत माझ्या कपाळावर हाय. प्रूफात न्हाई."

मी आवाज चढवला. त्यांनी चढवला नाही, त्याचाच राग जास्त आला. म्हणाले, "हस्तचं हत्थ झालं, हत्थचा हात झाला. हे मी तुला जुन्या पोथ्यांतून दाखवतो. माणूस पहिला शब्द कवा बोलला, ते मला न्हाई ठाव. मग आपला हात खोटा का?"

"आहे तसं छापा."

"कागद तुझा हाय. चूकबी तुझीच ऱ्हाईल."

छापलं. नायगावला माझं भाषण झाल्यावर एक पालक उठले. शांतपणे विचारलं, "ताई, पहिला जीव कसा झाला?" मी म्हणाले, त्याचा शोध चालू आहे. त्यांनी पत्रक उंच धरलं. "मग इथं सिद्ध झालं म्हणून लिव्हलंय ते?" लोक हसले. मी उत्क्रांतीचे पुरावे सांगत सुटले, पण आता कोण ऐकतंय? मुख्याध्यापक म्हणाले, "बाकीचंही असंच असेल तर मुलांना कशाला गोंधळात टाकायचं?" दुसरा दिवस रद्द.

कार्यकर्ते मला समजावत होते, एका रेघेचं काय घेऊन बसलीस, लोकांना बारकावे कळत नाहीत. लोकांना बरोबर कळतात. कळले नव्हते ते आम्हाला.

लातूरला येऊन मी अप्पांवरच भडकले. "तुम्ही तेव्हा स्पष्ट नाही म्हणायचं होतं."

"म्हटलं व्हतं की. लाल शाईत."

मग चहा मागवला. बशी माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "भांडायला एक प्रश्न घेऊन गेलीस, दुसरा उगाच डोक्यावर घेतलास."

"आणि देवाचं काय, अप्पा?"

"तो तिसरा. त्यो माझा हाय, तू नको घेऊ."

मी नवं पत्रक लिहिलं. दोन पानं, दोन मथळे. पहिल्या पानावर उत्क्रांतीचे पुरावे. दुसऱ्यावर जीवाच्या उगमाबद्दल चाललेलं संशोधन आणि शेवटी एक वाक्य: 'पहिला जीव कसा निर्माण झाला, हे विज्ञानाला माहीत नाही.' प्रूफ अप्पांच्या घरी पाठवलं, कारण ते तेव्हा अंथरुणाला खिळले होते.

पंधरा दिवसांनी अप्पा गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या सुनेने पाकीट हातात दिलं. "हे तुमचं. बसून तपासलं त्यांनी, उशी लावून."

नायगावची शाळा अजून दार उघडत नाही. मी दर महिन्याला जाते, मुख्याध्यापक मीटिंगमध्ये असतात. ती दहावीची मुलं तर शाळेतून बाहेरही पडली. पिशवीत ते प्रूफ असतं.

पहिल्या पानावर एकही खूण नाही. दुसऱ्या पानावर एकच. शेवटच्या वाक्यात 'विज्ञानाला' आणि 'माहीत' यांच्या मधे थरथरत्या लाल रेघेचं काकपद, राहिलेला शब्द घालायची खूण, आणि त्याच्यावर अप्पांनी घातलेला शब्द: 'अजून'.