सायकलमागचं कुत्रं

अप्पांच्या सायकलमागे पळत पळत ते घरी आलं, तेव्हा पिल्लूच होतं. माझे वडील, म्हणजे अप्पा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. एका संध्याकाळी पाळी संपवून आले आणि पाठोपाठ हे धापा टाकत दारात. त्यांनी बोलावलं नव्हतं, हाकललंही नव्हतं. मग रोज सकाळी ते सायकलमागे कारखान्याच्या फाटकापर्यंत जायचं आणि पाळी सुटेपर्यंत तिथंच बसायचं. आई म्हणायची, "ह्यांचा खरा संसार त्याच्यासंगंच चाललाय."

त्या कुत्र्याला देवाधर्मातलं काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढे लोकांनी भलतंच सांगितलं.

मला रक्ताचा आजार झाला. डॉक्टरांनी अप्पांना बाजूला नेऊन काय सांगितलं कोण जाणे, अप्पा श्रीशैलच्या महादेवाला, मल्लय्याला नवस बोलले. पोरगी उठली तर पाच वर्षं पाडव्याला अनवाणी चालत येईन, वाटेत गाडीत बसणार नाही. मी उठले. सोलापुरातली बरीच घरं दर उन्हाळ्यात कर्नाटक ओलांडून श्रीशैलला चालत जातात, त्यांच्यात अप्पा मिसळले. चौथ्या वर्षी ते परत आले तेव्हा कुत्र्याच्या बरगड्या दिसत होत्या. अप्पा नसताना त्यानं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. तोवर आईही गेली होती. पाचव्या वर्षी अप्पा म्हणाले, "ह्याला संगं नेतो. हितं ठिवलं तर मरंल." अप्पांना साखरेचा त्रास, म्हणून मी शिकवते त्या शाळेत रजा टाकून मीही निघाले.

अक्कलकोटपर्यंत कुत्रं मजेत चाललं. कर्नाटकात शिरलो तसे गावोगावी मांडव लागले. तिथले लोक चालणाऱ्यांचे पाय धुतात, तेल लावतात, फोडांतून सुईदोरा ओवून पाणी काढतात. अशाच एका मांडवात एका बाईनं कुत्र्याच्या कपाळाला भस्म लावलं आणि म्हणाली, "मल्लय्यानंच बोलावून घेतलंय ह्याला." झालं! पुढच्या मांडवात त्याला हार, त्याच्या पुढच्या मांडवात फोटो. ज्याच्या त्याच्या हातात त्याच्यासाठी बुंदी आणि शिरा. ते खायचं आणि ओकायचं. जन्मभर ज्यांना कुणी चार माणसांत विचारलं नाही, त्या अप्पांना लोक आता आधी बसायला चटई टाकत होते. अप्पा लाजत होते. त्यांना ते आवडतही होतं, आणि मला ते बघून बरं वाटत होतं.

रायचूरच्या पुढं डांबर तापलं आणि कुत्र्याच्या पंजांची कातडी निघाली. मी अप्पांच्याच कारखान्यातला एक टॉवेल फाडून चारी पायांना पट्ट्या बांधल्या. दुपारच्या मांडवात हात धुऊन येईपर्यंत बायकांनी त्या सोडल्या होत्या आणि उघड्या पंजांवर कुंकू वाहत होत्या. मी तोंड सोडलं. एकजण शांतपणे म्हणाली, "देवाला जाणाऱ्याच्या पायात काही नको, ताई."

आमच्या सामानाचा टेम्पो मागून यायचा. मी कुत्र्याला उचलून त्यात ठेवलं. अप्पा पुढं निघालेले दिसताच ते गळा काढून रडू लागलं. आमच्या जथ्याचे कारभारी म्हणाले, "बगा, त्याला चालायचं हाय की. तुमी कशाला आडव्या येताय?"

"ते अप्पांसाठी रडतंय," मी म्हणाले. "अप्पा टेम्पोत बसले तर गप्प पडेल."

सगळे अप्पांकडे बघू लागले. अप्पा माघारी आले आणि त्यांनी टेम्पोच्या फळीवर हात ठेवला. मला वाटलं, चढणार.

"बसा अप्पा," मी म्हणाले. "ज्या पोरीसाठी नवस बोललात, तीच सांगतेय. मोडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात माझ्या खाटेजवळ उभे असायचे तेव्हा असंच बघायचे. "आन तुला काय झालं तर?" असं म्हणून त्यांनी हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी कुत्र्याला दोरीनं बांधून मी स्वतः टेम्पोत बसले. त्यानं दोरी कुरतडली, चालत्या टेम्पोतून उडी टाकली आणि लंगडत अप्पांच्या दिशेनं गेलं. मागून येणाऱ्या लोकांनी त्याचा जयजयकार केला.

जंगल लागायच्या अलीकडे ते एका लिंबाखाली बसलं ते उठेचना. अप्पा जवळ गेले तेव्हा शेपूट हललं. अप्पांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि रणरणत्या उन्हात चालू लागले. मी म्हटलं थांबा, गावात जनावरांचा डॉक्टर बघू. "चालताना गप पडतंय ते," अप्पा म्हणाले. ते खरंच गप्प पडलं होतं. केव्हा पडलं ते त्यांना कळलं नाही, आणि मला कळल्यावर सांगायला जीभ रेटेना.

लोकांनी खड्डा खणला, नारळ फोडले. कारभारी अप्पांना म्हणाले, "नशीबवान जीव. वाटंवर मेला, कैलासाला गेला."  अप्पांनी यात्रा पुरी केली.

आता तिथं चुन्यानं रंगवलेला कट्टा आहे आणि वर सिमेंटचं कुत्रं. जाणारे-येणारे नारळ वाहतात. यंदा कारभारी आमच्या घरी आले. कट्ट्याची या वर्षीची पहिली पूजा अप्पांच्या हातून व्हावी, अशी सगळ्यांची इच्छा असल्याचं म्हणाले. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते मल्लय्याकडं चाललं न्हवतं," अप्पा म्हणाले. "माज्यामागं येत हुतं."

कारभारी चहा अर्धा टाकून गेले. मला त्यांचा राग आहे, त्या बायकांचा आहे, अप्पांचाही आहे. अप्पांचा राग मला धड करता येत नाही, कारण मी जिवंत आहे.

दिवेलागणीला अप्पांनी विचारलं, "तुजा रक्ताचा रिपोर्ट आला का?"

"आला. चांगला आहे."

"मग झालं," अप्पा म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.