वरच्या सप्तकाचा कान

चिखलीतील हार्मोनियम दुरुस्त करणारे कारागीर शेख करीम गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी दुपारी वारले. जेवून उठले, छातीत कळ आली असे म्हणाले आणि डॉक्टर पोचण्याआधीच संपले. बातमी मला बाजारातच कळली. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर दफन झाले. मयतीला आसपासच्या भजनी मंडळांतील बरेच लोक होते. ते बाजाराला आलेले होते. हातातल्या पिशव्या ओळखीच्या दुकानांत ठेवून तसेच कब्रस्तानाकडे चालू लागले.

मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला त्या सुमारास मी चिखलीहून एका दैनिकाला बातम्या पाठवू लागलो आणि करीमभाईंची ओळख झाली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे गोणपाटाचा पडदा, पडद्याआड संसार. बंद पडलेल्या नाटक कंपन्यांच्या विलायती पायपेट्या लिलावात निघून खेडोपाडी गेल्या होत्या आणि म्हाताऱ्या होऊन या खोलीत येत होत्या. भाता कुठेही शिवून मिळे. अडचण आतल्या पितळी पात्यांची होती. पेटीवाले त्यांना नुसते ‘सूर’ म्हणतात. परदेशी माल येणे बंद झाल्यावर नवे सूर मिळेनात. करीमभाई जुनेच पाते घासून जागेवर आणत. टोकाला घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. जास्त घासले की पाते वाया जाते, कारण निघालेले पितळ परत चढवता येत नाही. म्हणून ते एकदा कानस फिरवत, दोनदा ऐकत. रेडिओवर पेटीला मज्जाव आहे, मग तुमच्या धंद्याचे कसे, असे मी एकदा विचारले होते. “रेडिओले नसन पाह्यजे,” ते म्हणाले. “रेडिओ कधी पारावर भजनाले येऊन बसते का, साहेब?”

देऊळगाव राजाचे दत्तोपंत कीर्तनात पेटीची साथ करीत. बालाजीच्या यात्रेच्या तोंडावर त्यांनी आपली पायपेटी करीमभाईंकडे दिली होती. ती न्यायला ते आले तेव्हा मी दुकानात होतो. या पेटीत प्रत्येक पट्टीला दोन सूर असतात. दोन्ही एकजीव असले की आवाज सरळ उभा राहतो, नसले की हालतो. पंत वाजवत वरच्या सप्तकात गेले आणि थांबले.

“काऊन थांबले, पंत?”

“वरचे हालतात.”

करीमभाईंनी पेटीला कान लावला. पंतांनी तीच पट्टी धरून ठेवली. मलाही आवाज हालताना कळत होता.

“मले तं सरळ वाटते,” करीमभाई म्हणाले.

पडद्याआडून त्यांच्या पत्नीचा, शरीफाबींचा आवाज आला. “हिलरा है जी. परसूं से बोलरी मैं.”

करीमभाईंनी हातातली कानस पुसली, फडक्यात गुंडाळली. “घेऊन जा पंत. माहा कान गेला. जालन्याले दाखवा कोनाले तरी.”

“यात्रा तोंडावर आली आणि जालन्याला कुठं फिरू? तुझा कान गेला ते कळलं. भाभीचा कुठं गेला?”

“बायकोच्या कानानं धंदा करू?”

“आजवर तिच्या हातचं गिळलंस तेव्हा नाही लाज वाटली!”

आतून हसू ऐकू आले. करीमभाई हसले नाहीत, पण त्यांनी कानशीचे फडके पुन्हा उलगडले. खालच्या सुरांचा कंप त्यांना फळीवर तळहात ठेवून कळे. त्यासाठी त्यांना कोणाची गरज नव्हती. वरचे सूर त्या दुपारी पडद्याआडच्या सांगण्यावर लागले. “अजून… अजून थोडं… बस. आता पुढं गेला पाहा तो, सांगून राह्यली तं आयकत नाही.” पंत भात्यावर पाय मारत राहिले. पेटी यात्रेच्या आधी देवळात पोचली.

त्या दिवसापासून करीमभाई नव्या गिऱ्हाइकाला पेटी उघडण्याआधीच सांगत, “हात माहा, कान घरवालीचा. चालन का?” काही लोक पेटी परत घेऊन गेले. करीमभाईंनी त्यांना अडवले नाही आणि सांगणेही सोडले नाही. कान गेल्याची गोष्ट लपवणे सोपे होते. खेड्यातल्या भजनात वरचे सप्तक फारसे लागत नाही, आणि वर्षभर कोणाच्या लक्षातही आले नसते. हे मी त्यांना बोलून दाखवले. “माह्या लक्षात राह्यते ना,” एवढेच ते म्हणाले.

ते गेले तेव्हा धामणगाव बढे येथील भजनी मंडळाची पेटी दुकानात उघडी होती. खालची सप्तके लागली होती, वरचे लागायचे होते. मंडळाचे दोघे जण भेटायला आले. शरीफाबी इद्दतीत होत्या, म्हणजे नवऱ्याच्या मृत्यूनंतर पाळायच्या एकांतात, म्हणून बोलणे पडद्यातूनच झाले. मी तिथे होतो.

“भाभी, आहे तशी नेतो पेटी. तुमाले तरास नको.”

“अर्धी पेटी गावात वाजवसान अन् लोक म्हनतीन, करीम मिस्त्रीनं अशी केली. राहू द्या. अंदर आणून ठेवा.”

“पन करन कोन?”

“ठेवा तं खरं.”

त्या दोघांनी पेटी उचलून पडद्याच्या आत सरकवली. पुढे काही दिवस रस्त्यावरून जाताना घरातून एकेक सूर ऐकू येई; तुटक, मध्ये लांब खंड पडून. दुकानाचा दरवाजा बंद असे. वरच्या सप्तकाची पाती शरीफाबींनी स्वतः घासली. याआधी त्यांनी हत्यार हातात धरले नव्हते, हे त्यांनीच मला निरोपातून कळवले. एक पाते वाया गेले. त्याच्या जागी त्यांनी मोडीत काढलेल्या पेटीतले पाते बसवले. गेल्या आठवड्यात पेटी एसटीच्या टपावरून धामणगाव बढ्याला गेली. शनिवारच्या भजनात ती वाजली.